शब्दावरून रांग निवडणारा ‘एक्सपाथ’

समजा, एखाद्या संकेतस्थळावर सूचनांची तीनशे ओळींची सारणी आहे आणि त्यांतील ‘किनाऱ्या’ हा शब्द असलेल्या तेवढ्याच ओळी पाहायच्या आहेत. ब्राउझरचा शोध शब्दावर रंग चढवतो. उरलेल्या ओळी तशाच राहतात. त्या दृष्टीआड करायच्या, तर बुकमार्कमध्ये पत्त्याच्या जागी साठवलेली आणि एका टिचकीने चालणारी छोटी आज्ञावली, म्हणजेच बुकमार्कलेट, उपयोगी पडते. (परक्याने दिलेली आज्ञावली मात्र न वाचता चालवू नये, उघड्या पानावर जे आपल्याला करता येते, ते तिलाही करता येते.)

अशा आज्ञावलीतील खरे कसब हवा तो घटक निवडण्यात असते. सर्रास वापरले जाणारे सीएसएस निवडक घटकाचे नाव, वर्ग किंवा गुणधर्म पाहतात. आतील मजकूर ते वाचत नाहीत. एक्सपाथ वाचतो. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९च्या नोव्हेंबरात त्याची पहिली आवृत्ती प्रमाणित केली, ती मुळात एक्सएमएल दस्तऐवजांसाठी. पान हा घटकांचा वृक्ष मानून एक्सपाथ फोल्डरच्या पत्त्यासारखी वाट लिहितो. एक तिरकी रेघ म्हणजे लगतचे अपत्य, दोन रेघा म्हणजे कितीही खोलवरचा वंशज, दोन टिंबे म्हणजे जनक. अट चौकटी कंसात. ‘जिच्यात हा शब्द नाही, अशी प्रत्येक रांग’ हे एका ओळीत मावते. त्यात सारणीच्या शीर्षकाची रांगही लपते, म्हणून ‘जिच्यात साधा खाना आहे’ ही आणखी एक अट जोडावी लागते.

खाचखळगे आहेतच. एक्सपाथची मोजणी एकपासून, जावास्क्रिप्टची शून्यापासून. मूळ संहितेत नसलेला ‘टीबॉडी’ हा घटक ब्राउझर सारणीत स्वतःच घालतो. सारणीवरून थेट रांगेकडे नेणारी वाट मग रिकामी परतते. घटकांवरून फिरत असतानाच पान बदलले तर चालू यादी बाद ठरते, यासाठी आधी स्थिर यादी मागावी.

मराठी पानावर याहून फसवी अडचण येते. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर कोणी ऱ, हलन्त आणि य असे टंकतो, तर कोणी र, हलन्त, अदृश्य जोडखूण आणि य असे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एक्सपाथ मात्र संकेतांक ताडून पाहतो आणि त्यांना वेगळे शब्द समजतो. परिणामी हवी असलेली रांगच लपते, आणि लपल्याची सूचनाही कोणी देत नाही. त्यामुळे अटीत शब्दाची दोन्ही रूपे द्यावीत, किंवा केवळ ‘किना’ एवढेच शोधावे. चार रांगा जास्त दिसल्या तरी चालतील.