मीठ-पाण्याचा ताळेबंद

२०१८ आणि २०१९ साली रमजान ऐन मे महिन्याच्या उन्हात आला, तेव्हा मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यांत रोजा राखून, धोट्यातील रिकामी कांडी बदलीत या मागावरून त्या मागाकडे फिरणाऱ्या कामगाराच्या देहात चौदा तासांहून अधिक काळ जो कारभार चालला असेल, तो विलक्षणच म्हटला पाहिजे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून दमट हवा मागाच्या पथ्यावर पडते. माणसाच्या मात्र नव्हे, कारण तीत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम देह थंड न करताच पाणी व मीठ घेऊन निथळतो.

घाम रक्ताहून कमी खारट, त्यामुळे मागे उरलेले रक्त दाट होत जाते. हा दाटपणा शेकडा एक-दोन इतका वाढला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला वर्दी मिळते, तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा हुकूम मूत्रपिंडांकडे सुटतो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातील दीड-दोन लिटर वगळता सारा रक्तात परत जमा करणारी ही मूत्रपिंडे हुकुमासरशी तो खर्च अर्ध्या लिटरपर्यंत खाली आणतात. शून्यावर मात्र आणू शकत नाहीत, कारण युरियादी मळ बाहेर टाकण्यास तेवढे पाणी लागतेच. हुकूम सुटणेच बंद झाले, तर रोगी दिवसाकाठी दहा-दहा लिटर मूत्र विसर्जित करतो.

उलट, घामावाटे मीठ गेलेले असता नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते, मेंदूच्या पेशी फुगतात, डोके ठणकते, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर झटके येतात. पाणी आणि मीठ यांची सांगड कशी घालावी, हे १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या पटकीग्रस्त निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी दाखवून दिले. आतड्यात साखर शिरताना सोडियमला सोबत नेते व त्यामागोमाग पाणी जाते, या तत्त्वावर मीठ-साखरेचे पाणी पाजून त्यांनी पटकीचे मृत्यू शेकडा तीसच्या आसपास होते ते चाराच्याही खाली आणले. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढाच घरगुती पाठ.

तरुण कामगाराला निदान तहान तरी लागते; वार्धक्यात ती जाणीवच बोथट होते, म्हणून घरातील आजोबांनी पाणी मागितले नाही तरी मे महिन्यात त्यांच्यापुढे तांब्या नेऊन ठेवावा.