आधी पाणी, मग खोली

जपानमधील पारंपरिक निवासगृहाला र्‍योकान म्हणतात, आणि जमिनीतून निघणाऱ्या ऊन पाण्याला, तसेच त्या पाण्याच्या आश्रयाने वसलेल्या गावालाही, ओन्सेन हा एकच शब्द वापरला जातो. या दोहोंचा संबंध फार जुना असून, यामानाशी प्रांतातील डोंगरात असलेले निशियामा ओन्सेन केइउनकान हे इ.स. 705 मध्ये स्थापन झालेले र्‍योकान जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनेस बुकात नोंदले गेले आहे. या दीर्घ इतिहासात स्नान ही मात्र बहुतांशी सामुदायिक गोष्ट राहिली. खोलीला लागून केवळ त्या खोलीतल्या पाहुण्यांसाठी हौद बांधण्याची रीत त्या मानाने अगदी अलीकडची आहे. आज परदेशी प्रवासी, आणि त्यांत भारतीय प्रवासीही, मुद्दाम अशा खोल्या शोधतात. परंतु सज्जातला लाकडी टब, पलीकडे मेपलची झाडे आणि वर उठणारी वाफ असे जे छायाचित्र त्यांच्यासमोर येते ते दोन अगदी भिन्न दर्जाच्या ठिकाणी हुबेहूब सारखे असू शकते, कारण टबातले पाणी कोठून आले हे छायाचित्रावरून कळत नाही. म्हणून खासगी स्नानाची सोय असलेले र्‍योकान निवडताना पाण्याची चौकशी आधी करावी आणि खोलीची नंतर, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

खासगी स्नानाची गरज का भासते, हे प्रथम पाहणे योग्य ठरेल. ओन्सेनमधील सार्वजनिक स्नानगृहात संपूर्ण विवस्त्र होऊनच उतरावे लागते, पोहण्याचे कपडे तेथे चालत नाहीत, आणि पुरुष व स्त्रिया यांच्यासाठी वेगवेगळे विभाग असतात. ज्यांना लहानपणापासून याची सवय नाही त्यांना संकोच वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. शिवाय पतिपत्नींना एकत्र स्नान करता येत नाही, वृद्ध आईला आधार देणारा मुलगा तिच्यासोबत जाऊ शकत नाही, आणि अंगावर गोंदण असलेल्यांना अनेक ठिकाणी प्रवेशच मिळत नाही, कारण जपानमध्ये गोंदणाचा संबंध दीर्घकाळ गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेला आहे. पूर्वी कंपन्यांच्या सहली मोठ्या संख्येने ओन्सेनला जात आणि त्यांच्यासाठी प्रचंड स्नानगृहे असलेली हॉटेले उभी राहिली होती; 1990 च्या दशकात आर्थिक तेजी ओसरल्यावर या सहली घटल्या, जोडपी आणि लहान कुटुंबे हाच मुख्य ग्राहकवर्ग झाला, आणि खासगी स्नानाची मागणी तेव्हापासून वाढत गेली.

ही सोय मुख्यतः तीन प्रकारांनी मिळते. पहिला प्रकार काशिकिरी-बुरो, म्हणजे र्‍योकानच्या आवारातले स्वतंत्र स्नानगृह, जे ठराविक वेळेपुरते, बहुधा 45 ते 60 मिनिटे, आतून कडी लावून एकाच कुटुंबाला वापरता येते. काही ठिकाणी त्यासाठी वेगळे शुल्क असते आणि काही ठिकाणी नसते. दुसरा प्रकार खोलीला जोडलेल्या उघड्यावरच्या हौदाचा. उघड्यावरच्या स्नानाला रोतेनबुरो म्हणतात. तिसरा प्रकार हानारे, म्हणजे मुख्य इमारतीपासून सुटी, बागेत किंवा झाडीत बांधलेली छोटी घरे, ज्यांत स्नानगृह घराचाच भाग असते. दुसरा आणि तिसरा प्रकार अर्थातच महाग पडतो. मात्र ज्यांना एका रात्रीत एकदाच निवांत स्नान हवे आहे त्यांनी या दोहोंच्या मोहात न पडता पहिला प्रकार निवडण्यात काहीच कमीपणा नाही. उलट काशिकिरी हौद पुष्कळदा खोलीतल्या टबापेक्षा मोठा, आणि उगमाच्या अधिक जवळ असतो.

आता पाण्याकडे वळू. जपानच्या 1948 च्या ओन्सेन कायद्यानुसार, जमिनीतून निघणारे पाणी उगमापाशी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाचे असेल, अथवा कायद्यात नमूद केलेल्या 19 घटकांपैकी एक जरी घटक ठरलेल्या प्रमाणात त्यात असेल, तर त्याला ओन्सेन म्हणता येते. याचा अर्थ असा की 26 अंशांचे, बंबात तापवून घ्यावे लागणारे पाणीही कायद्याने ओन्सेनच ठरते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, र्‍योकानमध्ये ओन्सेन आहे एवढ्यावरून खोलीतल्या हौदातही तेच पाणी येते असे गृहीत धरता येत नाही. खालच्या सामुदायिक स्नानगृहात झऱ्याचे पाणी आणि वरच्या मजल्यावरील महागड्या खोलीच्या टबात नळाचे साधे तापवलेले पाणी, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी असते आणि ती बेकायदा नसते. जाहिरातीत 'उघड्यावरचा हौद असलेली खोली' एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे आरक्षण करण्यापूर्वी खोलीतल्या हौदात ओन्सेनचे पाणी येते का, हा प्रश्न नेमक्या याच शब्दांत विचारावा.

पाणी उगमाचे असले तरी ते हौदात कसे ठेवले जाते यावर पुढचे सारे अवलंबून असते. काकेनागाशी या पद्धतीत झऱ्याचे पाणी एका बाजूने सतत येत राहते, काठावरून वाहून जाते आणि पुन्हा वापरले जात नाही. जुनकान पद्धतीत तेच पाणी गाळून, तापवून आणि बहुधा क्लोरीन मिसळून पुन्हा हौदात सोडले जाते. जुनकानला फसवणूक समजणे अन्यायाचे होईल, कारण ज्या गावात झऱ्याला पाणी थोडे आहे तेथे दुसरा इलाज नसतो, आणि कोमट पाण्यात वाढणाऱ्या लेजिओनेला या जिवाणूपासून न्यूमोनियासारखा गंभीर आजार होऊ शकत असल्यामुळे निर्जंतुकीकरण आवश्यकच असते. तरीही ज्याला ताजे पाणी हवे आहे त्याने काकेनागाशी शोधावे, आणि येथे लहान हौदाचा एक मोठा फायदा लक्षात घ्यावा: 600 लिटरच्या टबात मिनिटाला 10 लिटर पाणी येत असेल तर तासाभरात टबभर नवे पाणी येऊन जाते, तर तेवढ्याच धारेने पन्नास माणसांचा हौद ताजा ठेवणे शक्य नसते.

उगमाचे पाणी फार गरम असेल तर वेगळीच अडचण उभी राहते. बेप्पूसारख्या गावात ते उकळत्या पाण्याच्या जवळपास पोहोचते, आणि अंगाला सोसणारे तापमान साधारण 40 ते 42 अंश असते. थंड पाणी मिसळणे सोपे, पण त्याने झऱ्याचे घटक विरळ होतात. म्हणून जाणकार मालक पाण्याची धार बारीक करतात, लांब लाकडी पन्हाळींतून पाणी फिरवतात, किंवा बांबूच्या डहाळ्यांवरून ते ठिबकत खाली उतरवतात. कुसात्सु या गावाच्या मध्यभागी असलेले युबाताके, शब्दशः 'ऊन पाण्याचे शेत', म्हणजे अशाच लाकडी पन्हाळींची रांग असून, तीतून वाहताना पाणी निवते आणि त्यातले गंधकाचे कण मागे उरतात.

पाण्याबद्दलची माहिती मिळवणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, आणि त्यामागे एक प्रकरण आहे. नागानो प्रांतातील शिराहोने हे गाव दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील काही स्नानगृहांत पांढरा रंग येण्यासाठी पूड मिसळली जात असल्याचे 2004 मध्ये उघड झाले आणि देशभर खळबळ उडाली. त्यानंतर 2005 पासून, पाणी मिसळले आहे का, तापवले आहे का, गाळून फिरवले जाते का, आणि त्यात काही पूड किंवा जंतुनाशक घातले आहे का, हे कारणासह जाहीर लावणे बंधनकारक झाले. कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेला हा फलक आणि त्याशेजारचे बुन्सेकिशो, म्हणजे प्रयोगशाळेचा पृथक्करण अहवाल, ही दोन कागदपत्रे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह असतात. अहवाल दर दहा वर्षांनी नव्याने करून घ्यावा लागतो. अनेक र्‍योकान ही माहिती संकेतस्थळावरही देतात, आणि भाषांतराचे ॲप वापरून ती सहज वाचता येते.

त्या अहवालात पाण्याचा वर्ग लिहिलेला असतो. सध्याच्या वर्गीकरणात दहा वर्ग आहेत: साधे, क्लोराइडयुक्त, बायकार्बोनेटयुक्त, सल्फेटयुक्त, कार्बन डायऑक्साइडयुक्त, लोहयुक्त, आम्लयुक्त, आयोडीनयुक्त, गंधकयुक्त आणि किरणोत्सारी. नावावरून फसू नये. 'साधे' म्हणजे कमी प्रतीचे नव्हे. गेरो येथील साधे अल्कधर्मी पाणी त्वचेला साबण लावल्यासारखे मऊ भासते आणि वृद्धांना तसेच नाजूक त्वचेच्या लोकांना तेच मानवते. याउलट कुसात्सुचे पाणी सामू 2 च्या आसपास इतके आम्लधर्मी असते की ताज्या जखमेवर चरचरते, आणि अकिता प्रांतातील तामागावाचे पाणी 1.2 सामू असलेले, म्हणजे त्याहूनही तीव्र आहे. गंधकाचे पाणी उगमापाशी बहुधा नितळ असते आणि हवेशी संयोग झाल्यावर दुधाळ होते. कोबेजवळच्या आरिमा गावातील लोहयुक्त 'सोनेरी' पाणीही जमिनीतून वर येताना पारदर्शक असून हवा लागताच गंजासारखे तांबूस होते. गंधकाच्या हौदात उतरण्यापूर्वी मराठी घरांतील स्त्रियांनी पायांतली जोडवी काढून ठेवणे बरे, कारण चांदी थोड्याच वेळात काळी पडते. लोहाच्या पाण्यात पांढरा टॉवेल बुडवला तर त्यावर पडलेला डाग निघत नाही.

काही गावांत खासगी हौदाचा आग्रहच मुळात अस्थानी ठरतो. ह्योगो प्रांतातील किनोसाकी हे गाव सोतोयु, म्हणजे बाहेरची सार्वजनिक स्नानगृहे, यांच्याभोवती घडले आहे. र्‍योकानमध्ये स्वतःचे स्नानगृह असावे की नसावे यावरून तेथे 1927 पासून 1950 पर्यंत वाद चालला, आणि अखेर र्‍योकानमधील हौद लहानच ठेवण्याची मर्यादा स्वीकारली गेली. युकाता हा सैलसर सुती झगा नेसून, लाकडी खडावा खटखटवत, विलोच्या झाडांखालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जाणे हाच तेथला खरा आनंद आहे, आणि तेथील सातही सोतोयुंत गोंदण असलेल्यांना मज्जाव नाही. तेथे महागडी खोली घेऊन आत बसून राहणारा प्रवासी ते गाव न पाहताच परत येतो. क्यूशू बेटावरील कुरोकावाची गोष्ट वेगळी आहे: तेथे 1986 पासून न्युतो तेगाता या लाकडी बिल्ल्यावर तीन निरनिराळ्या र्‍योकानच्या हौदांत स्नान करता येते, आणि त्याच वेळी नदीकाठच्या झाडीत हानारे पद्धतीची शांत घरेही मिळतात, म्हणून दोन्ही अनुभव हवे असणाऱ्यांना ते गाव सोयीचे पडते.

र्‍योकानचे दर बहुधा खोलीवर नसून माणशी असतात, आणि त्यांत रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते. याला 'इप्पाकु निशोकु', म्हणजे एक रात्र दोन जेवणे, असे म्हणतात. त्याशिवाय स्नानकर द्यावा लागतो, जो बहुतेक गावांत प्रौढ व्यक्तीला दर दिवशी 150 येन इतका असतो. खोली दुपारी 3 च्या सुमारास मिळते, रात्रीचे जेवण 6 ते 7 च्या दरम्यान ठराविक वेळी वाढले जाते, आणि सकाळी 10 किंवा 11 पर्यंत खोली सोडावी लागते, त्यामुळे रात्री आठला पोहोचणाऱ्याचे जेवण तर जातेच, पण ज्यासाठी जादा पैसे मोजले त्या हौदाचा अर्धा वेळही वाया जातो. शाकाहारी मराठी प्रवाशाने येथे विशेष दक्ष राहावे. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेली दाशी, म्हणजे पातळ रस्सा, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून होते, म्हणून वरून निव्वळ भाजी किंवा तोफू दिसणाऱ्या पदार्थातही मासा असतो; आणि काइसेकी, म्हणजे अनेक छोट्या पदार्थांचे क्रमाने वाढलेले जेवण, आधीपासून ठरवून बनवले जात असल्यामुळे आयत्या वेळी बदल करणे स्वयंपाकघराला शक्य नसते. आरक्षणाच्या वेळीच 'मासा आणि माशाची दाशीही नको' असे स्पष्ट कळवावे, आणि ते जमत नाही असे उत्तर आले तर जेवणाविना मुक्काम घ्यावा.

खासगी हौदातही स्नानाची रीत तीच राहते. अंग आधी बाहेर, ठेंगण्या बैठकीवर बसून, साबण लावून स्वच्छ धुवायचे आणि मगच हौदात उतरायचे. पाटावर बसून घंगाळातले पाणी तांब्याने अंगावर घेण्याची सवय ज्या घरांत अजून टिकून आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. साबण हौदात जाऊ देऊ नये, केस वर बांधावेत, आणि काशिकिरी हौदाचे पाणी आपले झाल्यावर सोडून देऊ नये, कारण पुढचे कुटुंब बाहेर थांबलेले असते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि एकट्याने उतरू नये. बंद दाराआड कोणाला भोवळ आली तर ते बाहेर कळत नाही, हा खासगी हौदाचा एक खराखुरा धोका आहे. गर्भवती स्त्रियांना ओन्सेन वर्ज्य असल्याची सूचना पूर्वी सर्वत्र लिहिलेली असे, ती 2014 मध्ये अधिकृत यादीतून वगळण्यात आली. तरी फार गरम पाण्यात दीर्घकाळ बसणे त्यांनी टाळावे.

हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या काळात, उत्तरेकडील आणि डोंगरी गावांत उघड्यावरच्या हौदाभोवती बर्फ साचतो आणि अशा खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. झऱ्याचे पाणी सतत वाहत असलेल्या हौदात बसताच काठोकाठ भरलेले पाणी एकदम बाहेर सांडते, दगडांवरचा बर्फ विरघळवत गटाराकडे जाते, आणि पाहुणा खोलीत परतून झोपल्यावर रात्रभर त्या बारीक धारेचा आवाज कागदी दारापलीकडून येत राहतो. पहाटे पुन्हा उतरावे तर हौद नव्या पाण्याने भरलेला असतो.