पॉमेरेनियन : खेळणे नव्हे, राखणदार!

सदनिकेत पाळण्याजोगा लहानखुरा, देखणा श्वान म्हटला की 'पॉमेरेनियन'चे नाव हमखास पुढे येते. कापसाच्या पुंजक्यासारख्या त्याच्या रूपावर भाळून अनेक जण त्याला खेळणे समजूनच घरी आणतात. त्याची जातकुळी मात्र राखणदाराची आहे. हे ध्यानात न घेतल्यास त्याच्या संगोपनात चुका होत जातात.

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पॉमेरेनिया या प्रदेशावरून या श्वानाला हे नाव मिळाले. हा भूभाग आज पोलंड व जर्मनीत विभागलेला आहे. थंड हवेतील 'स्पिट्झ' कुळातला हा श्वान पूर्वी आकाराने मोठा होता. व्हिक्टोरिया राणीने १८८८मध्ये इटलीतून लहान चणीचा पॉमेरेनियन आणला आणि इंग्लंडमध्ये छोट्या श्वानांची आवड वाढली. आज त्याचे वजन साधारण दीड ते साडेतीन किलो असते. आपल्याकडे 'पॉमेरेनियन' म्हणून ओळखले जाणारे अनेक पांढरे श्वान प्रत्यक्षात त्याहून थोराड 'इंडियन स्पिट्झ' असतात. 'हम आपके हैं कौन'मधील (१९९४) टफी याच जातीचा.

स्वभाव

देह लहान असला, तरी वृत्ती निर्भय व चौकस असते. लिफ्टचा आवाज वा दारावरची घंटा ऐकताच तो भुंकतो. अशा वेळी त्याला उचलून कुरवाळल्यास भुंकण्याचे कौतुक होत असल्याचा त्याचा समज होतो. तो शांत झाल्यावरच खाऊ द्यावा. हाडे नाजूक असल्याने लहान मुलांना त्याच्यासोबत एकटे सोडू नये.

केसांची निगा

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकर आणि वर लांब, राठ केस. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून ते भादरून टाकण्याची प्रथा घातक ठरू शकते. श्वानांना माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यत्वे धापा टाकून उष्णता बाहेर टाकतात. केस गेले, की त्वचेला थेट ऊन लागते. शिवाय भादरलेले केस काही श्वानांत महिनोन्‌महिने उगवत नाहीत, तर कधी पूर्ववत होतच नाहीत.

त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा केस मुळापासून विंचरावेत. कानांमागे व पायांच्या बेचक्यात गुंता लवकर होतो. आंघोळीनंतर आतला थर पूर्ण कोरडा करणे आवश्यक असते.

फिरायला भल्या पहाटे वा सूर्यास्तानंतर न्यावे. श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा वापरावा. दातांचे विकारही या जातीत वारंवार आढळतात, त्यामुळे दात नियमित घासावेत. अतिरिक्त धापा, लाळ गळणे, झोक जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच अंगावर साधे पाणी ओतून पंख्याखाली ठेवावे आणि विनाविलंब पशुवैद्य गाठावा.

हा श्वान साधारण १२ ते १६ वर्षे जगतो. पिल्लू घरी आणण्यापूर्वी इतक्या वर्षांच्या जबाबदारीचा विचार व्हायला हवा.