बचावाची विद्या: बड फॉस्टर यांची कारकीर्द

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडच्या फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा असून, चेंडू हातात धरून पळणे, तो दूरवर फेकणे आणि चेंडू घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर लोळवणे हा त्याचा गाभा आहे. शंभर यार्डांच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे ठाकतात; ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि तेवढ्यात ते साधले नाही, तर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडूचा ताबा बदलला की सहसा सगळेच्या सगळे अकरा खेळाडू बाहेर जातात आणि दुसरे अकरा आत येतात, म्हणजे एकाच संघात आक्रमणाचे आणि बचावाचे असे दोन स्वतंत्र ताफे नांदत असतात. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली या दोन ताफ्यांना दोन स्वतंत्र सूत्रधार लागतात, आणि त्यांपैकी बचावाच्या सूत्रधाराला ‘डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’ असे म्हणतात.

हे पद विद्यापीठांच्या पातळीवर विशेष अवघड ठरते, कारण विद्यार्थी-खेळाडूला जेमतेम चार हंगाम खेळता येतात आणि बचावाची घडी नीट बसते न बसते तोच तिच्यातले निम्मे मोहरे पदवी घेऊन निघून जातात. त्यांच्या जागी येणारी मुले शाळाशाळांतून हेरावी लागतात, आणि हे हेरण्याचे काम, ज्याला ‘रिक्रूटिंग’ म्हणतात, तेही सहायक प्रशिक्षकांनाच करावे लागते. या व्यवसायाची पहिली पायरी असते ती ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता अल्प मानधनावर राबणाऱ्या मदतनीसाची. पुढे एखाद्या विशिष्ट स्थानावरच्या खेळाडूंचा प्रशिक्षक, मग सूत्रधार आणि नशिबाने साथ दिली तर मुख्य प्रशिक्षक, अशी ही चढण असते. मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली की त्याच्या सहायकांचीही गच्छंती होते, म्हणून या पेशातल्या माणसाचे बिऱ्हाड बहुधा पाठीवरच असते.

बड फॉस्टर यांची कारकीर्द या रीतीला अपवाद आहे. केंटकी राज्यात १९५९ साली जन्मलेले फॉस्टर त्याच राज्यातल्या मरे स्टेट विद्यापीठाकडून खेळले, तेव्हा तिथल्या बचावाची जबाबदारी फ्रँक बीमर यांच्याकडे होती; १९८१ मध्ये बीमर मुख्य प्रशिक्षक झाले आणि फॉस्टर त्यांच्याकडे मदतनीस म्हणून रुजू झाले. १९८७ मध्ये बीमर आपल्या मातृसंस्थेत, व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेकमध्ये गेले, ते फॉस्टर यांना सोबत घेऊनच. सुरुवातीची वर्षे खडतर होती. १९९२ च्या हंगामात संघाने दोन सामने जिंकले, आठ गमावले आणि एक बरोबरीत सोडवला, तेव्हा बीमर यांना आपल्या सहकाऱ्यांत फेरबदल करावे लागले. त्यातून फॉस्टर टिकून राहिले, १९९५ मध्ये रॉड शार्पलेस यांच्याबरोबर बचावाचे संयुक्त सूत्रधार झाले आणि पुढच्याच वर्षी ती धुरा एकट्याने वाहू लागले. ती त्यांनी २०१९ च्या अखेरीपर्यंत खाली ठेवली नाही.

संयुक्त सूत्रधारपदाच्या त्या पहिल्या वर्षीच संघात एक जुना पत्र्याचा डबा आला. कोळशाच्या खाणीत उतरणारा कामगार दुपारची भाकरतुकडी ज्यात नेई, तसा तो डबा होता. बचावाच्या ताफ्याची उद्दिष्टे आणि खेळाडूंनी सह्या करून दिलेली वचने त्यात ठेवली जात, आणि ज्याने त्या आठवड्यात सर्वाधिक घाम गाळला त्याच्या हाती तो दिला जाई. अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांत अशा प्रतीकांचा सुकाळ असतो आणि त्यांतली बरीचशी निव्वळ जाहिरातबाजी असते. हा डबा मात्र ॲपलाचियन डोंगररांगांतल्या खाणकामगारांच्या भागाशी जोडलेला असल्याने तिथल्या लोकांनी तो आपला मानला. १६ एप्रिल २००७ रोजी याच विद्यापीठाच्या आवारात झालेल्या गोळीबारात ३२ जण मारले गेले, आणि त्यानंतरच्या हंगामात त्या सर्वांची नावे या डब्यात ठेवण्यात आली होती.

फॉस्टर यांच्या आरंभीच्या डावपेचांचे सूत्र सांगायला सोपे होते. जिथून खेळ सुरू होतो त्या रेषेजवळ ते आठ खेळाडू उभे करीत, समोरच्यांची धाव तिथेच रोखत आणि ‘क्वार्टरबॅक’ला, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, विचार करायला उसंत मिळू देत नसत. १९९९ च्या हंगामात या बचावाने देशात सर्वांत कमी गुण दिले आणि संघ नियमित हंगामात अपराजित राहिला. ४ जानेवारी २००० रोजी झालेल्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत एकवीस गुणांच्या पिछाडीवरून त्याने २९-२८ अशी आघाडीही मिळवली, परंतु अखेर फ्लोरिडा स्टेटने ती लढत ४६-२९ अशी जिंकली. त्या दिवशी समोरच्या बचावाचे सूत्रधार मिकी अँड्र्यूज होते. देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला १९९६ पासून दिल्या जाणाऱ्या ब्रॉयल्स पुरस्काराचे ते पहिले मानकरी होत. फॉस्टर यांना तो पुरस्कार २००६ मध्ये लाभला, कारण त्या हंगामात त्यांच्या बचावाने दर सामन्यात सरासरी अवघे ११ गुण दिले होते.

तथापि त्यांच्या कौशल्याचा सर्वांत बोलका नमुना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१४ रोजी ओहायो स्टेटच्या मैदानावर पाहायला मिळाला. यजमानांचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी होता आणि त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट कारकिर्दीतला दुसराच सामना खेळत होता. फॉस्टर यांनी त्याच्यासमोर ‘बेअर’ ही मांडणी उभी केली. तिचे मूळ शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचे बडी रायन यांनी रचलेल्या ‘४६’ या बचावात आहे. तो आकडा मांडणीतल्या खेळाडूंची संख्या दाखवत नाही, तर डग प्लँक या खेळाडूच्या गणवेशावरचा क्रमांक आहे. या मांडणीत आक्रमणाच्या रांगेतल्या मधल्या तिघांसमोर बचावाचे तीन धिप्पाड खेळाडू थेट उभे राहतात, त्यामुळे त्या तिघांना एकमेकांच्या मदतीला धावता येत नाही आणि मधून पळण्याची वाट बुजते. किंमत अशी की मागे राखणीला कोणी उरत नाही, आणि चेंडू झेलायला धावणाऱ्या प्रत्येकाला एकेकट्या बचावपटूने आवरावे लागते. त्यातला एक जरी चुकला तरी थेट गुण जातात. नवख्या मुलाला तितका वेळच मिळणार नाही, या हिशेबावर फॉस्टर यांनी हा जुगार खेळला आणि तो फळला. बॅरेटला चेंडू फेकण्याआधीच सात वेळा खाली पाडले गेले, त्याने फेकलेले तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले आणि व्हर्जिनिया टेकने सामना ३५-२१ असा जिंकला. त्या मोसमात राष्ट्रीय विजेता ठरलेल्या ओहायो स्टेटचा तो एकमेव पराभव होता.

याच हंगामाने या पेशाची दुसरी बाजूही दाखवली. नोव्हेंबरमध्ये वेक फॉरेस्टविरुद्धच्या सामन्यात फॉस्टर यांच्या ताफ्याने साठ मिनिटांत एकही गुण दिला नाही, परंतु आपल्याच आक्रमणालाही एक गुण मिळवता न आल्याने सामना ०-० असा अतिरिक्त वेळेत गेला आणि तिथे ६-३ असा हातचा गेला. बचावाच्या सूत्रधाराने याहून अधिक काय करायचे, हा प्रश्न त्या निकालानंतर कोणालाही पडावा.

खेळही एव्हाना बदलत चालला होता. खेळाडूंना मैदानभर पसरवून झपाट्याने चाली करणारे ‘स्प्रेड’ आक्रमण सर्वत्र रूढ झाले, आणि रेषेजवळ आठ जण उभे करणे परवडेनासे झाल्यामुळे फॉस्टर यांना धिप्पाड खेळाडूच्या जागी चपळ, पाठलाग करू शकणारा बचावपटू खेळवावा लागला. तेव्हा विद्यापीठांच्या सामन्यांत शिरस्त्राणात ध्वनियंत्र बसवण्याची मुभा नव्हती, ती २०२४ मध्ये मिळाली. साहजिकच दोन चालींमधल्या काही सेकंदांत समोरची मांडणी ओळखून हातवाऱ्यांनी संदेश पोहोचवायचा, अशी ही कसोटी होती. बीमर २०१५ अखेर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या जस्टिन फुएन्टे यांनी रीत मोडून फॉस्टर यांना कायम ठेवले. परंतु २०१८ मध्ये ओल्ड डोमिनियनसारख्या नवख्या संघाने त्यांच्या बचावावर ४९ गुण चढवले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी हंगामाअखेर निवृत्त होण्याचे जाहीर केले. त्या अखेरच्या हंगामात ड्यूकने ४५ गुण वसूल केले, तर नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया टेक आणि पिट्सबर्ग या दोन्ही संघांना लागोपाठ शून्यावर रोखले गेले, आणि त्यानंतरचा सामना व्हर्जिनिया विद्यापीठाने, म्हणजे पंधरा वर्षे सलग हरत आलेल्या शेजाऱ्याने, जिंकला.

मुख्य प्रशिक्षकपद फॉस्टर यांना कधीच मिळाले नाही. हे अपयश मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की सूत्रधार म्हणून श्रेष्ठ ठरलेल्या कित्येकांची मुख्यपदावर गेल्यानंतर फरपट झाली आहे, कारण डावपेच रचणे आणि संस्था चालवणे ही दोन निराळी कामे आहेत. त्यांचा वारसा दुसऱ्या मार्गाने पुढे गेला: त्यांच्या बचावात खेळलेले जस्टिन हॅमिल्टन त्यांच्या जागी सूत्रधार झाले, आणि १९९०च्या दशकात त्यांच्या हाताखाली मदतनीस असलेले ब्रेंट प्राय यांच्याकडे २०२१ च्या अखेरीस व्हर्जिनिया टेकचे मुख्य प्रशिक्षकपद आले. ते त्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये, ओल्ड डोमिनियनविरुद्धच्याच एका पराभवानंतर, सोडावे लागले.