ग्राहक चुकतो तेव्हा काय मोजावे?

एटीएमच्या कळफलकावर १, २, ३ हे अंक वरच्या ओळीत असतात. रोखपालाच्या हाताशी असलेल्या कॅल्क्युलेटरवर मात्र वरच्या ओळीत ७, ८, ९ असतात. दिवसभर दोन्ही हाताळणाऱ्या आम्हा बँक कर्मचाऱ्यांनाही ही विसंगती क्वचितच जाणवते. यांतील पहिली मांडणी दूरध्वनीची. ती कोणा वरिष्ठाच्या आवडीनिवडीने ठरलेली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बटणांच्या दूरध्वनीसाठी अंकांच्या १६ मांडण्या प्रत्यक्ष माणसांच्या हाती देऊन पाहण्यात आल्या. क्रमांक दाबण्यास किती वेळ लागला, किती वेळा चूक झाली आणि कोणती मांडणी आवडली, या तिन्हींची नोंद वेगवेगळी ठेवली गेली. रिचर्ड डायनिंगर यांचा यासंबंधीचा शोधनिबंध जुलै १९६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये असे दूरध्वनी अमेरिकेतील ग्राहकांना मिळू लागले.

वापरसुलभतेची आंतरराष्ट्रीय व्याख्या (आयएसओ ९२४१-११) १९९८ मध्ये आली व २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यातही मुख्य कसोट्या तीनच आहेत: काम अचूक व पूर्ण झाले का, त्यासाठी किती वेळ व श्रम खर्ची पडले आणि करणाऱ्याचे समाधान झाले का. मात्र हे सारे विशिष्ट व्यक्तींनी, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट परिस्थितीत केलेल्या वापरापुरते मोजायचे असते. मुख्यालयातील तरुण अभियंत्याला सोपे वाटलेले यंत्र निवृत्तिवेतनधारकालाही सोपे असेलच, असे नाही.

याचा प्रत्यय मला शाखेतच आला. पासबुक छापण्याचे स्वयंचलित यंत्र नव्याने बसले होते आणि तक्रारवहीत त्याविषयी एक अक्षरही नव्हते. एके सकाळी एका निवृत्त शिक्षकांचे पासबुक यंत्राने तीनदा परत केले. ते त्यांनी शांतपणे कापडी पिशवीत ठेवले व खिडकीपुढील रांगेत जाऊन ते उभे राहिले. विचारले तेव्हा म्हणाले, "यंत्र छान आहे, साहेब. माझंच काहीतरी चुकत असेल." हयातभर गणित शिकवलेला माणूस यंत्राचा दोष स्वतःच्या माथी घेत होता!

केवळ अभिप्राय विचारून भागत नाही, ते यासाठी. आपल्याकडे समोरच्याचे मन न दुखवण्याची रीत आहे. काम फसलेला ग्राहकही "छान" म्हणतो. समाधान मोजण्याच्या रूढ प्रश्नावल्या आहेत. त्यांपैकी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली विशेष प्रचलित आहे. तीत अनुकूल व प्रतिकूल विधाने आलटूनपालटून येतात, त्यामुळे सरसकट "होय" म्हणत जाणाऱ्याचा कल लपत नाही. तिचे गुण ० ते १०० असतात, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपासचे गुण सर्वसाधारण समजले जातात. असे असले तरी ही कसोटी तिसरी. पहिल्या दोन डोळ्यांनी पाहूनच कळतात.

पाहण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. सुमारे पाच जणांच्या चाचणीत बहुतेक दोष उघड होतात, असे जेकब नीलसन यांनी २००० मध्ये मांडले. दोष शोधण्यापुरते हे मान्य करावे. पाच जणांवरून टक्केवारी काढून अहवालात घालणे मात्र हास्यास्पद ठरेल. मी पाच खातेदारांना विनंती केली, "आपले पासबुक छापून घ्या," आणि वही-घड्याळ घेऊन बाजूला बसलो. मदतीला धावण्याचा मोह आवरणे हेच यात सर्वांत अवघड! पहिल्या तिघांनी पासबुक उलटे घातले. बारकोडची बाजू वर हवी, ही सूचना यंत्रावर होती, परंतु कमरेच्या उंचीवर, बारीक अक्षरांत व इंग्रजीत.

पासबुक आत जाते त्या फटीच्या वरच आम्ही उघड्या पासबुकाचे मोठे चित्र व बाण चिकटवला आणि नव्या पाच जणांसह पुन्हा चाचणी घेतली. या खेपेस पासबुके सुलट गेली. पान उलटण्याची सूचना पडद्यावरून वाचून होण्याआधीच नाहीशी होते, हे मात्र तेव्हा प्रथमच दिसले. ती किती सेकंद टिकते, याची नोंद यंत्र पुरवठादाराकडे पाठवली आहे.