पोटाचा घेर आणि मेंदूतली धग

सोयाबीनच्या हंगामात खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही बाजार समितीच्या आवारात थोडा वेळ उभं राहा. हातपाय काटकुळे, गाल बसलेले आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर मात्र ताण, अशी चाळिशीतली माणसं जागोजागी दिसतील. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही आणि तेही स्वतःला तसं समजत नाहीत. ‘जरासं पोट सुटलं’ एवढ्यावर विषय संपतो. कुणी काळजीनं बोललंच तर उत्तर तयार असतं: ‘मी त काडीपैलवान, मले काय होते?’ बुलडाण्यासारख्या शेतकरी जिल्ह्यात लठ्ठपणा हा मुंबई-पुण्याच्या, खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचा आजार मानला जातो. या समजुतीची किंमत हृदयाबरोबर मेंदूही मोजतो.

काडीपैलवानाच्या पोटाचं कोडं मराठी मुलखातच उलगडलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्यानं दोघांना एकाच रांगेत बसवलं होतं. आतला हिशेब दुपटीहून जास्त वेगळा होता.

याज्ञिकांचा गट १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास करत होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ स्नायूंत, उंचीत, पोटातल्या अवयवांत कमी भरलं. त्वचेखालची चरबी मात्र त्यानं बऱ्यापैकी राखली. बारीक दिसणारं, पण चरबी बाळगून जन्मलेलं बाळ! बाजार समितीतल्या त्या माणसाची गोष्ट त्याच्या ताटापासून सुरू होत नाही, ती त्याच्या आईच्या ताटापासून सुरू होते. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला आळशी ठरवून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

आता ही चरबी करते काय ते पाहू. बराच काळ डॉक्टरही तिला शिल्लक ऊर्जेचा निरुपद्रवी साठा मानत होते. १९९३ साली अमेरिकेत गोखान होटामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ-अल्फा नावाचं दाह पेटवणारं रसायन स्वतः तयार करते. पुढच्या वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिन शोधलं. चरबीतून निघून मेंदूला ‘आता पुरे’ असं सांगणारं हे संप्रेरक. चरबी हा बोलणारा, रसायनं सोडणारा अवयव निघाला. २००३मधल्या आणि त्यानंतरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. फुगत गेलेल्या चरबीच्या पेशी मरू लागतात आणि त्यांच्याभोवती मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींचा वेढा पडतो. त्यातून दाहाची रसायनं रक्तात झिरपत राहतात. आतड्यांभोवतीची, पोटाच्या आतली चरबी यात सर्वात पुढे असते.

दाह मुळात वाईट नाही. पायात बाभळीचा काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. ती शरीराची लढाई असते आणि चार दिवसांत ती संपते. पोटातल्या चरबीचा दाह तसा नाही. पऱ्हाटी भडकन पेटते आणि विझते. गोवरी मात्र धूरही न दिसता रात्रभर धुमसते. हा दाह गोवरीच्या जातीचा. ताप नाही, दुखणं नाही, आणि वर्षानुवर्षं चालू.

मेंदूभोवती रक्तातल्या नको त्या गोष्टी अडवणारी व्यवस्था असते, पण ती सगळीकडे सारखी कडेकोट नसते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान त्याच्या ताब्यात. पोटाचे निरोप समजावेत म्हणून त्याच्याजवळ ही अडवणूक सैल असते आणि तिथेच धग आधी पोचते. ब्राझीलमधल्या कॅम्पिनास इथल्या शास्त्रज्ञांनी २००५मध्ये भरपूर चरबीच्या आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाह दाखवला. २०१२ साली सिएटलच्या जोशुआ थेलर आणि मायकेल श्वार्ट्झ यांच्या गटाला त्याहून धक्कादायक गोष्ट सापडली: अशा आहाराच्या पहिल्या तीन दिवसांतच, वजन वाढण्याच्या आधी, उंदरांच्या मेंदूत दाह सुरू झाला होता. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी चवताळल्या होत्या. त्याच गटानं लठ्ठ माणसांचे एमआरआय पाहिले, तेव्हा त्याच जागी वणासारख्या खुणा आढळल्या.

यानंतर एक दुष्टचक्र सुरू होतं. दाहानं त्रासलेल्या हायपोथॅलॅमसला लेप्टिनचा निरोप नीट कळत नाही. पोट भरलेलं असतं, मेंदूला मात्र ते उमगत नाही. ‘जिभेवर ताबा नाही’ असं आपण घरातल्या ज्या माणसाला येताजाता ऐकवतो, त्याची भूक मोजणारी जागाच आजारलेली असू शकते. टोमण्यांनी ती बरी होत नाही.

आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसपर्यंतही दाह जातो, असं प्राण्यांत दिसलं आहे. माणसांत दुवा दिसतो तो असा: कॅलिफोर्नियात चाळिशीतल्या ६,५८३ लोकांच्या पोटाची जाडी मोजून ठेवली होती. सरासरी ३६ वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांचं पोट सर्वात मोठं होतं, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सर्वात सपाट पोटाच्या लोकांपेक्षा जवळपास तिप्पट निघालं. ज्यांचं एकूण वजन ठीक होतं पण पोट मोठं होतं, त्यांनाही धोका वाढलेलाच होता. २००८चा हा अभ्यास आपल्या काडीपैलवानांनी दोनदा वाचावा असा आहे. त्याच वेळी अतिशयोक्तीही नको. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, त्यात लठ्ठपणाचा एकट्याचा वाटा सुमारे १ टक्काच धरला आहे. पण मधुमेह, रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, हालचालीचा अभाव हीही त्याच यादीत आहेत आणि सुटलेलं पोट यातल्या एकालाही मोकळं सोडत नाही.

आपल्या जिल्ह्यात गेल्या पिढीत काय बदललं ते सगळ्यांना दिसतं. ज्वारीच्या जागी शेतात सोयाबीन आलं, ताटातली भाकर कमी झाली. पेरणी ट्रॅक्टरनं, शेताचा फेरा मोटारसायकलीवर. आजोबा ज्या धुऱ्यापर्यंत चालत जात, तिथे नातू गाडीवरून उतरतही नाही. महिन्याला तेलाचे किती डबे लागतात, ते किराणा दुकानदाराला विचारा. शेगावला दर्शनाला गेल्यावर कचोरी खाल्ल्यानं कुणाचा मेंदू बिघडत नाही. रोजचा नाश्ताच मैदा आणि तळणाचा झाला, तर प्रश्न वेगळा. कापूस वेचणाऱ्या बायांचे कष्ट मात्र तसेच राहिले, आणि पोटाचा घेर त्यांनाही चुकलेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ४० टक्के बायकांचा पोटाचा घेर मर्यादेबाहेर होता, पुरुषांचा १२ टक्के. अंगात रक्त कमी आणि पोटावर चरबी, असं दुहेरी ओझं एकाच बाईच्या वाट्याला येतं. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या वाट्याला भात-पोळी येते. डाळ, दूध, अंडं येत नाही, हे याचं मोठं कारण मला वाटतं.

दिलाशाची बाजूही खरी आहे. ब्राझीलच्याच गटानं २०११मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेनं वजन उतरल्यावर लठ्ठ रुग्णांच्या हायपोथॅलॅमसचं काम अंशतः सुधारलं. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालणं, पुरेशी झोप, रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर, ताटात तेल कमी आणि डाळ-उसळ जास्त, एवढ्यानं पोटातली चरबी काट्यावर फरक दिसण्याआधीच उतरू लागते. सत्तरीच्या माणसाला मात्र उपासाला लावू नका. उतारवयात आपोआप घटणारं वजन आणि सोबत विसराळूपणा दिसला, तर तो सुधारणा समजू नये, डॉक्टरांना दाखवावं.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात कमरेच्या घेराला गुण आहेत. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाचा ९०पर्यंत असेल तर शून्य, पुढच्या दहा सेंटिमीटरला एक, त्याहून जास्त असेल तर दोन. याच कागदावर पुढे साठीवरच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? पहिला आकडा आणि हा प्रश्न यांत माणसाच्या आयुष्याची तीस वर्षं असतात. जे काही करायचं ते त्याच वर्षांत.

घेर मोजताना पँटचा नंबर धरू नका. बेल्ट पोटाखाली सरकवला की नंबर तोच राहतो आणि पोट वाढत जातं. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, न आवळता टेप धरायचा. आशाताई दारी येतात तेव्हा पुरुष बहुधा शेतात नाहीतर चौकात असतात आणि त्यांचा रकाना रिकामा राहतो. तेव्हा या आठवड्यात उपकेंद्रावर स्वतः जा, घेर मोजून घ्या, सोबत रक्तदाब आणि साखरही तपासा. आकडा ९०च्या वर निघाला, तर काटा काय म्हणतो याकडे लक्ष देऊ नका.