गाळा सोडला, चिठ्ठी खिशातच

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोच्या क्रेटवर बोलला जातो. समजा, एका व्यापाऱ्याने गाळा सोडला. पण त्या गाळ्याच्या नंबराची चिठ्ठी हमालाच्या खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी तो तिथेच क्रेट उतरवतो. गाळ्यात नवा व्यापारी आला असेल, तर माल भलत्याच्याच हिशेबात!

प्रोग्रॅममध्येही हेच घडते. ऑब्जेक्टचे काम संपले की मेमरी परत केली जाते, पण तिचा पत्ता धरून बसलेला पॉइंटर उरतो. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये तो वापरला, तर कधी प्रोग्रॅम कोसळतो, कधी मुकाट्याने चुकीची उत्तरे देतो. दुसरा प्रकार जास्त घातक. क्रोमियम ब्राउझर प्रकल्पाने २०२० मध्ये सांगितले, की त्यांच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे आणि त्यांतले निम्मे याच जातीचे होते.

सी शार्पमध्ये बंद केलेली फाइल वाचू गेल्यास 'ऑब्जेक्ट डिस्पोज्ड एक्सेप्शन' येते. ते पकडून दाबून टाकू नका. ऑब्जेक्ट कोणी आणि कधी बंद केला, ते शोधा. रस्टचा कंपायलर तर सोडलेला ऑब्जेक्ट वापरणारा कोड सहसा पुढे सरकूच देत नाही. बाकीच्यांनी साधा नियम पाळावा: ऑब्जेक्टचा मालक एकच ठेवा आणि गाळा सोडताच चिठ्ठी फाडा.